नैसर्गिक वायू जीएसटीत आणावा

महोदय,

चीननंतर सर्वाधिक सिरॅमिक टाइल्स भारतात तयार होतात आणि त्यांतील फार मोठा वाटा गुजरातमधील एकट्या मोरबी परिसराचा आहे. तेथील शेकडो कारखाने बहुतांशी घरच्या आणि नातेवाइकांच्या भांडवलावर उभे राहिले. मात्र गेल्या दीड दशकात या व्यवसायाची सूत्रे हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे जात आहेत. १९५८ साली स्थापन झालेली टाइल्स कंपनी एच अँड आर जॉन्सन (इंडिया) २०१० मध्ये प्रिझम सिमेंटमध्ये विलीन झाली, तर कजारिया आणि सोमाणी या टाइल्स कंपन्यांनी मोरबीतील कारखान्यांत हिस्सा घेऊन आपली क्षमता वाढवली. छोट्या कारखानदाराला यामुळे भांडवल आणि देशभरची विक्रीव्यवस्था मिळाली, हे मान्यच करायला हवे.

माझा आक्षेप एकत्रीकरणाला नाही, तर त्याला सदोष करव्यवस्थेचा रेटा मिळत असल्याला आहे. टाइल्सची भट्टी अकराशे अंश सेल्सिअसच्याही वर, दिवसरात्र चालते. त्यामुळे इंधन हा उत्पादन खर्चाचा मोठा भाग असतो. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीतील कोळशावरचे गॅसिफायर (कोळशापासून ज्वलनशील वायू बनवणारी संयंत्रे) बंद करण्याचा आदेश दिला आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. तेथील हवेचा आणि पाण्याचा विचार करता तो निर्णय योग्यच होता. परंतु टाइल्सवर १८ टक्के जीएसटी असताना नैसर्गिक वायूवर मात्र राज्याचा व्हॅट लागतो आणि त्याची वजावट जीएसटीतून मिळत नाही. प्रोपेन हे पर्यायी वायुइंधन जीएसटीत असल्याने त्यावरील कराची वजावट मिळते. म्हणजे कोणते इंधन वापरावे हे काही अंशी करच ठरवतो. वायूचे दर भडकल्यावर २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोरबीतील बहुसंख्य कारखाने सुमारे महिनाभर बंद ठेवावे लागले. असा काळ मोठी कंपनी निभावून नेते. बँकेच्या हप्त्यांवर चालणाऱ्या कारखानदाराला मात्र पडेल त्या अटींवर भागीदार शोधावा लागतो.

नैसर्गिक वायू जीएसटीत आणण्यासाठी नव्या घटनादुरुस्तीची गरज नाही. नैसर्गिक वायूवर जीएसटी कधीपासून लावावा, याची शिफारस करण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २७९अ नुसार जीएसटी परिषदेला आहे. राज्यांना महसुलाची चिंता वाटते आणि ती रास्तही आहे. तरी महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा असा भार सोसण्याची तयारी आपल्या राज्याने एकदा दाखवलेली आहे. सर्व वापरासाठी लगेच सहमती होत नसेल, तर किमान कारखान्यांना पुरवल्या जाणाऱ्या वायूपासून सुरुवात करावी, असा प्रस्ताव महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांनी परिषदेच्या पुढील बैठकीत मांडावा, ही विनंती.

– एक टाइल्स विक्रेता, ठाणे