पहिलीच्या आणि अंगणवाडीच्या मुलांकडून, ड्रॉइंगच्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र टपालाने तुमच्या घरीच पाठवता आलं असतं. पण तुम्ही आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी जे केलंत, ते लहान मुलांना शिकवणाऱ्या बाकीच्या ताई-बाईंनाही कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हायस्कुलात तुमची सारी नोकरी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची मुलं तयार करण्यात गेली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. एकेका रेषेसाठी मुलांना परत बसवणारे सर म्हणून पंचक्रोशी तुम्हाला ओळखते. असा माणूस निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांच्या मुलांत मांडी घालून बसतो आणि त्यांच्या कागदाला स्वतःचा हात लागू देत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते याबद्दल. मुलं "सर, मला हत्ती काढून द्या" म्हणायची. तुम्ही हत्ती कधीच काढून दिला नाहीत. "त्याचे कान कुठवर येतात रे? तो पाणी कसा पितो?" असं विचारत राहायचात, आणि हत्ती मुलाच्याच हातून उतरायचा.

पालकसभेत एका आईने विचारलं होतं की पोरीने आईला घरापेक्षा मोठं काढलंय, ते दुरुस्त का केलं नाही. तुम्ही त्या माउलीला किती नीट समजावलंत! या वयात मूल डोळ्यांना दिसतं तसं काढत नाही, त्याला माहीत असतं आणि महत्त्वाचं वाटतं तसं काढतं. म्हणून आई मोठी, म्हणून आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेची निळी पट्टी, म्हणून गोठ्याच्या भिंतीतून आतली म्हैस दिसते. पुढे सहा-सात वर्षांचं झालं की मूल आपणहून खाली जमिनीची रेघ ओढतं आणि माणसं, झाडं त्या रेघेवर उभी करतं. तोवर घाई करायची नाही. त्या आईने तो कागद जपून घरी नेला.

साहित्याच्या बाबतीत तुम्ही आम्हाला मोठ्या खर्चातून सोडवलंत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, जुनी वर्तमानपत्रं, भेंडीचे ठसे. पहिलीत आलेल्या मुलाला तुम्ही आधी कात्री दिली नाहीत, कागद फाडायला लावलात. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. फाडताना अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट बनते तीच पुढे पेन्सिल धरते. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वेडंवाकडं, हे मुलांनी स्वतः शोधलं. कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्या आठवड्यात शाळेत धड राहिलेला एकही पेपर नव्हता!

कागद चिकटवायच्या खळीचंही लिहायलाच हवं. पुस्तकबांधणीवाले खळीला कीड लागू नये म्हणून त्यात विषारी मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो चिमूटभरही नको, कारण बोटं तोंडात जातातच, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, लागेल तेवढीच खळ करायची आणि उरली तर टाकून द्यायची. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा कितीतरी जणींनी वहीत उतरवून घेतलं. आणि आपल्या सांगलीची हळद! हळदीच्या पाण्याने कागद पिवळा करून वाळवायचा, त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने रेघ ओढली की ती लाल उमटते, आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. मुलं हरखून गेली होती.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल बसलाय तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेला मुलगा. हंगाम सुरू झाला आणि तो पहिलीत येऊन बसला. कुणाशी बोलेना. तुम्ही त्याला तेलखडू दिलेत आणि बाजूला बसून राहिलात. त्याने कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची झोपडी, काढली, बाहेरून आणि आतून एकाच वेळी: चूल, पाण्याचा हंडा, झोपलेली धाकटी बहीण, दाराशी बैलगाडी. "हे काय आहे?" असं तुम्ही विचारलं नाहीत. "इथं काय चाललंय ते मला सांग" म्हणालात. तो बोलला, आणि तुम्ही त्याच्याच बोलीत चित्राखाली लिहिलंत, "माय चूल पेटवती. म्या बैलाला वाढं टाकतो." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. दुसऱ्या दिवशी त्याने बोट ठेवत ते वाचून दाखवलं. पाठ्यपुस्तकातल्या ओळीआधी त्याने स्वतःची ओळ वाचली. पुढे सगळ्याच वर्गासाठी आम्ही असं करू लागलो, आणि वाचनाची आमची सुरुवात तिथूनच होते. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, तो गावी निघाला तेव्हा त्याची सगळी चित्रं आम्ही त्याच्याबरोबर दिली.

तुम्ही अनेकदा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण काढता. १९४५ साली बोर्डीत त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी अंगणच शाळा झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वयाचा एकच पायाभूत स्तर धरला आहे. आमच्याकडे अंगणवाडी आणि पहिली एकाच आवारात असूनही दोन्हीकडची मुलं एका चटईवर बसली ती तुमच्यामुळे.

सर, बेंदूर जवळ आलाय. गेल्या खेपेला कृष्णाकाठच्या काळ्या मातीचे बैल सुकताना तडकत होते, तेव्हा चाळलेली राख मिसळायची आणि पाय वेगळे न चिकटवता एकाच गोळ्यातून ओढून काढायचे, हे तुम्ही दाखवलंत. यंदा अंगणवाडीच्या ताईंनी राख चाळून ठेवली आहे, माती आम्ही भिजत घालतो. शनिवारी शाळा सकाळची असते. पहिलीत आलेली नवी मुलं "ड्रॉइंगचे सर कधी येणार?" म्हणून विचारताहेत, तेव्हा नक्की या. वहिनींनाही घेऊन या, बैलांना झुली रंगवायला हात हवेतच.

आपली नम्र,
पहिलीची वर्गशिक्षिका