मिहीर, पेन खिशातच ठेव

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मिहीर,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात सर्जनशील लेखन शिकवायची नोकरी लागल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी नुसतं "छान झालं" म्हणाले. पण रात्री झोप लागली नाही. सतरा वर्षं मी हेच करते आहे, तेव्हा काही गोष्टी लिहूनच सांगते.

नोकरी घे. कादंबरीवर घर चालत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. माझ्या पहिल्या कादंबरीच्या हजार प्रती होत्या, किंमत २०० रुपये, मानधन १० टक्के. त्या संपायला सहा वर्षं लागली आणि हातात आले वीस हजार. आपल्याच गावात वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि नाटकं लिहायचे. यात कमीपणा कसला?

लिहायला शिकवता येतं का, असं लोक विचारतील. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली, तरी हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मला वाटतं, बघायला लावता येतं. दिंडोरीची एक मुलगी "द्राक्षांचे हिरवेगार मळे" असलं काही लिहून आणायची. मी विचारलं, आई विरळणीला जाते तेव्हा नक्की काय करते? म्हणाली, कात्रीने घडातले मणी काढते, राहिलेले फुगावेत म्हणून. दिवसभर हात वर, मान वर. रात्री मीच मानेला तेल चोळते. म्हटलं, हे लिही. पुढच्या आठवड्यात तिने दीड पान वाचलं आणि वर्गात कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

आता माझी चूक. सातपूरला कारखान्यात पाळीत काम करणारा एक मुलगा संध्याकाळच्या वर्गाला यायचा. त्याची कथा ओबडधोबड होती. मी रात्रभर बसून ती सुधारली, वाक्यामागून वाक्य. दिवाळी अंकात छापूनही आली. तो पेढे घेऊन आला, पण वर बघेना. "मॅडम, आई म्हणते, हे तू लिहिलंय असं वाटत नाही." त्यानंतर तो वर्गाला आला नाही. मी त्याला मदत केली नव्हती रे, त्याची भाषा पुसली होती.

त्याच काळात माझी तिसरी कादंबरी चार वर्षं ११२व्या पानावर अडून होती. सुचलेलं सगळं वर्गातच खर्च व्हायचं. आता पहाटे पाच ते सात मी मुलांच्या वह्या उघडत नाही. तूही वेळ आत्ताच ठरवून टाक, नंतर जमत नाही.

पहिल्या दिवसापासून ज्याचं त्याला मोठ्याने वाचायला लाव. जीभ अडखळते तिथे त्यांचं त्यांनाच कळतं. आणि तुझं पेन खिशातच राहू दे.

त्या मुलाची मूळ पानं माझ्या कपाटात आहेत. दिवाळीला आलास की वाच. पहिलंच वाक्य आहे, "मशीन बंद झालं का कान दुखतो." मी ते खोडलं होतं.

तुझी
आई