बंड्या, रविवारी सरांकडे काय झालं ते ऐक

प्रिय बंड्या,

तुझ्या मेलला इतके महिने उत्तर नाही म्हणून चिडला असशील तर चीड, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला लिहिण्यात अर्थच नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावरून तुम्ही अजून भांडता? आणि झोपला. तब्येत ठीक, पाठ मधूनमधून धरते, गोळ्या चालू आहेत, पुढे.

सरांकडचं रविवारचं वाचन अजून चालू आहे. सध्या ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’चा पहिला भाग घेतलाय आणि परवा आपण बरोब्बर त्या जागी पोचलो, तुला आठवत असेल, गुलामाकडे विचारपूर्वक निर्णय घ्यायची शक्तीच नसते, लहान मुलाकडे असते पण अर्धीकच्ची, आणि बाईकडे असते पण तिची सत्ता चालत नाही. आपल्या वेळी सर इथे नुसतं "हं, पुढे" म्हणायचे. परवा एक नवीन मुलगी, दोन-तीन वेळाच आलीये, एकदम शांत, तिने विचारलं, "सर, ह्याला त्याने पुरावा काय दिलाय?" बस, एवढंच. सर म्हणाले, काळाच्या चौकटीत ठेवून बघावं लागतं. ती म्हणाली, "हो सर, ठेवते, पण पुरावा काय दिलाय?"

आणि बंड्या, चष्मिष उठली! सर नाही, जाड्या नाही, चष्मिष. म्हणे तू मूळ ग्रीक वाचलंयस का, तुझं वय काय, ज्याने जगाला तर्क करायला शिकवलं त्याच्याकडे पुरावा मागतेस. हातातल्या पुस्तकाची पानं थरथरताना दिसत होती मला. सर "अगं असू दे, असू दे" म्हणत होते तरी थांबेना, शेवटी पुस्तक मिटून आत पाणी प्यायला गेली ती बाहेरच आली नाही. मुलगी बिचारी पेन हातात धरून बसून राहिली. जाड्या मान डोलावत होता, अर्थात चष्मिषच्या बाजूने.

आता मला सांग, सरांचं मी समजू शकते. सगळं आयुष्य त्या एका माणसावर घातलंय त्यांनी. जाड्याचं तर फारच सोपं आहे, त्याला ॲरिस्टॉटल वाचायचाच नाहीये, घरी बायकोसमोर जे म्हणायचंय त्याच्याखाली एका मोठ्या माणसाची सही हवी आहे, ती मिळाली की झालं. असे लोक सगळीकडे असतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. पण चष्मिष? तिच्या पीएचडीचं काय झालं ते तुला मी सांगायला नको. सरांनी तिला त्या वेळी केबिनमध्ये जे सांगितलं, की बायकांची बुद्धी ग्रहण उत्तम करते पण नवीन मांडणी तिचा प्रांत नाही, ते तिने आपल्याला पायऱ्यांवर बसून सांगितलं होतं आणि तू सरांशी भांडायला निघाला होतास, मी तुझी बॅग धरून ठेवली होती. मग त्याच सरांच्या पुस्तकाची सगळी हस्तलिखितं तिने टाइप केली, सूची तिने केली, प्रुफं तिने बघितली. आणि आज तीच त्या वाक्यासाठी दुसऱ्या मुलीवर तुटून पडते. रविवारपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

‘काळाची चौकट’ घे आधी, कारण तो हुकमी पत्ता आहे आणि सगळे तोच टाकतात. काळाच्या चौकटीत ठेवायचं ना, मग अख्खी चौकट ठेवा! त्या चौकटीत प्लेटो बसलाय की. ॲरिस्टॉटलचा स्वतःचा गुरू, वीस वर्षं ज्याच्या अकादमीत हा राहिला. त्या गुरूने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात लिहून ठेवलंय की राज्य चालवायला लागणारी पात्रता बाईत असू शकते आणि तिला पुरुषासारखंच शिक्षण द्यायला हवं. प्लेटो काही संत नव्हता, तिथेच तो बायका सगळ्यात थोड्या कमीच असंही म्हणतो, आणि ‘टिमायस’मध्ये भित्रे पुरुष पुढच्या जन्मी बाया होतात असं लिहितो, ते मला माहितीये. पण म्हणजे दुसरा विचार त्या काळात सुचूच शकत नव्हता हे खोटं ठरतं. ॲरिस्टॉटलसमोर तो होता, त्याच्याच गुरूने मांडलेला, आणि त्याने तो नाकारला.

आणि तो नाकारणारा माणूस कसा होता बघ ना, ह्यानेच मला त्रास होतो. कोंबडीची अंडी उघडून बघणारा माणूस. तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, तो हृदयाचा असतो आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो, हे त्याने लिहून ठेवलंय. इतकं बारीक बघणारा माणूस पुरुषांना बायकांपेक्षा दात जास्त असतात असंही लिहितो. (तत्त्वज्ञ रसेलचा तो विनोद, ॲरिस्टॉटलने दोनदा संसार केला पण बायकोला तोंड उघड म्हणायचं सुचलं नाही, त्यावर तू कँटीनमध्ये माझे दात मोजायला आला होतास. अक्कलदाढा धरून बत्तीस, पुन्हा सांगते.)

पण दातांपेक्षा मधमाश्या बघ. ‘प्राण्यांची उत्पत्ती’मध्ये तो विचार करतो, कामकरी माशी नर की मादी? मादी नसणार, कारण तिला नांगी आहे आणि निसर्ग मादीला शस्त्र देत नाही. मग नर? तेही नाही, कारण ती पिल्लांचं बघते आणि नर ते करत नाहीत. समोर माशी बसलीये, नांगी आहे, पिल्लं सांभाळतेय, आणि तरी हा म्हणतो की मादी असूच शकत नाही! पोळ्यातल्या राणीला तो राजाच म्हणतो, पुढे सतराव्या शतकात स्वॅमरडॅम ह्या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तिला उघडली तेव्हा आत अंडाशय निघाले. इथे काळ काय करणार? पुरावा समोर होता, आधीची समजूत मध्ये आली.

आणि गंमत अशी की हेच प्रकरण संपवताना तो स्वतः लिहितो, की ह्या बाबतीतली माहिती अजून पुरेशी हाती आलेली नाही, जेव्हा येईल तेव्हा सिद्धांतापेक्षा निरीक्षणावर जास्त विश्वास ठेवा. बंड्या, म्हणजे परवा त्या खोलीत ॲरिस्टॉटलची खरी शिष्या कोण होती? जिने पुरावा मागितला ती! त्याला वाचवायला उभी राहिलेली चष्मिष त्याच्याच म्हणण्याच्या विरुद्ध भांडत होती, आणि हे तिला सांगायला मी आत गेले तर ती नळ सोडून उभी.

थांब, आता तुझ्याकडे येते. तुझा तो जर्मन तत्त्वज्ञ, कांट. फोन आपटू नकोस. त्या वर्षी मी कांटबद्दल एक वाक्य बोलले आणि तू किती दिवस अबोला धरलास ते मी विसरलेली नाही. 1764 चं पुस्तक, त्यात तो म्हणतो की जिच्या डोक्यात ग्रीक भरलंय किंवा जी मार्क्विस द्यु शातले सारखी यंत्रशास्त्रावर वाद घालते तिने दाढीच ठेवावी. तू म्हणालास, तो विनोद आहे गं, तरुणपणी लिहिलंय, चाळिशीचा होता. ठीक. पण ही शातले कोण? न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ फ्रेंचमध्ये आणणारी, शेवटच्या गरोदरपणात रात्रंदिवस बसून तिने ते काम संपवलं आणि 1749 मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांत गेली, भाषांतर पुरं छापून आलं ते 1759 मध्ये. आणि कांटने स्वतःच्या अगदी पहिल्या पुस्तकात, हलत्या वस्तूचं बल कसं मोजायचं ह्या वादात, तिची दखल घेतलेली आहे! म्हणजे ती काय दर्जाची आहे हे त्याला माहिती होतं. बरं, त्याच्याच गावचा महापौर हिप्पेल, त्याच्या पंगतीला बसणारा मित्र, त्याने 1792 मध्ये नाव न घालता अख्खं पुस्तक लिहिलं की बायकांना नागरिकत्वाचे सगळे हक्क द्या. आणि 1797 मध्ये कांट लिहितो की बायका नोकरचाकरांसारख्या निष्क्रिय नागरिक. तेव्हा तो तरुण नव्हता आणि तो विनोदही नव्हता. हे मी तेव्हा तुला सांगत होते, तू कानावर हात ठेवून "कॅटेगॉरिकल इम्परेटिव्ह", म्हणजे त्याचा तो बिनशर्त नैतिक नियम, असं ओरडत होतास.

तुला चिडवायला नाही लिहीत हे. तू का चिडायचास ते मला आता चष्मिषला बघून कळतंय असं वाटतं. कांट तुला त्या वाईट वर्षात भेटला, दादा गेले त्या वर्षात, आणि त्याच्या आधाराने तू उभा राहिलास. मग कुणी त्याला बोट लावलं की तुला वाटणार ह्या लोकांना माझा आधार काढून घ्यायचाय. कुणालाही वाटेल. माणसं असा विचारवंत सुटा सुटा घेतच नाहीत, अख्खा घेतात, आणि मग वाटतं एक वीट काढली तर सगळी भिंत येईल. पण येत नाही ना! बायकांचे दात बत्तीस निघाले म्हणून ॲरिस्टॉटलचा सिलॉजिझम, दोन विधानांवरून तिसरं काढायची ती रीत, पडत नाही. माणसाला कधी नुसतं साधन म्हणून वापरू नका हे कांटचं म्हणणं शातलेच्या दाढीने खोटं होत नाही, उलट त्या म्हणण्यानेच ती दाढी आपल्याला खुपते.

गेलेनचं बघ, मला तो फार बोलका वाटतो. दुसऱ्या शतकातला एवढा मोठा वैद्य, त्याला बाईच्या शरीरातले अंडाशय माहिती होते, तिचंही बीज असतं हे त्याने ॲरिस्टॉटलच्या विरोधात जाऊन मांडलं. म्हणजे ज्या आधारावर बाई अपुरी ठरवली होती तो अर्धा त्यानेच काढून टाकला. आणि निष्कर्ष? बाई थंड, म्हणून अपूर्णच. कारण गेलं तरी निकाल तसाच ठेवला! नंतरच्या काळात बचाव करणारेही असंच करतात, वाक्य सोडत नाहीत, त्याच्या खालचं कारण तेवढं बदलत राहतात.

आणि बचावातला दुसरा पत्ता म्हणजे चांगुलपणा. मी परवा सरांना हे म्हटलं तर ते म्हणाले, ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्र वाच, किती जीव होता त्याचा. वाचलंय मी. पिथियास, आधी गेलेली बायको, तिच्या अस्थी तिच्या इच्छेप्रमाणे माझ्याजवळ पुरा. हर्पिलिसला, म्हणजे नंतर त्याच्यासोबत राहिलेल्या बाईला, चांदी द्या, दासदासी द्या, कॅल्किसचं घर हवं असेल तर ते, स्टॅगिराचं वडिलांचं हवं असेल तर ते, आणि तिला लग्न करायचं असेल तर माझ्या तोडीला कमी नसलेला माणूस बघा, ती माझ्याशी चांगली वागली. खरंच मायाळू आहे, मला वाचताना भरून आलं होतं. पण माया आहे म्हणून बाईची सत्ता न चालणं बरोबर कसं ठरतं? ग्लिक आणि फिस्क ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये नेमकं हेच दाखवलं, की बायकांबद्दलचा आकस आणि बायकांना जपायची, मखरात बसवायची वृत्ती, ह्या दोन्ही एकत्र नांदतात, एकीने दुसरी खोडली जात नाही. सर कधी कुणा मुलीला टाकून बोलले नाहीत रे. चष्मिषला ताप होता तर स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले होते. तिची पीएचडीही अगदी प्रेमानेच काढून घेतली.

आणि मला वाटतं तिची गाठ इथेच आहे. ॲरिस्टॉटल त्या एका ठिकाणी चुकला म्हटलं, तर ज्या आधारावर सर बोलले ते चुकलं. सर चुकले म्हटलं, तर ती इतकी वर्षं जे कमी घेऊन बसली ते का? आत्ता तिच्याकडे निदान उत्तर आहे, बाईचा तो प्रांतच नाही, जगातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने सांगितलंय. ते काढलं तर उरतं काय, एका चांगल्या माणसाने तुझ्यावर अन्याय केला आणि तू त्याची सूची करत बसलीस. हे तिच्या तोंडावर मी कसं म्हणू? न म्हणावं तर ती त्या मुलीवर पुन्हा तुटून पडणार. मुलगी काल फोनवर म्हणाली, "मॅडमना माझा राग आला का?" मी म्हटलं, तुझा नाही. पुढचं मला सांगता आलं नाही.

तर दोन कामं तुझ्याकडे. चष्मिषला फोन कर, तुझं ती ऐकते, माझ्यासमोर ती लगेच ताठ होते. ॲरिस्टॉटलचा विषय तू काढू नकोस, तिच्या थीसिसचं ते दुसरं प्रकरण काढ. ते चांगलं होतं बंड्या, मी अजून तसं दुसरं वाचलेलं नाही आणि हे तिला कुणीतरी पुरुषांपैकी आणि सरांच्याच विद्यार्थ्यांपैकी सांगायला हवंय, असं असणं चुकीचं आहे पण आत्ता तसंच आहे.

तुझी बदली झाली ते कळलं, छान, की नाही? आईंचा गुडघा कसा आहे? पिल्लू दहावीला ना यंदा, तिला माझा पापा आणि अभ्यासाबद्दल एक शब्द विचारत नाही म्हणावं.

दुसरं काम, पुढच्या रविवारचं वाचन मी मागून घेतलंय, मी मधमाश्यांचं प्रकरण वाचणार आहे, शेवटच्या त्या ओळीसकट, सरांसमोर. माझं ते हिरवं पुस्तक तू हॉस्टेल सोडताना घेऊन गेलास ते तुझ्याकडेच आहे. त्या पानांचे फोटो काढून शुक्रवारच्या आत पाठव, आणि हरवलं असलं तर आजच सांग, म्हणजे मी लायब्ररीत जाते.

तुझी,
सु.