एसडब्ल्यूआर एकास एक, मग वॅट गेले कुठे?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला हौशी रेडिओवरचा लेख वाचला. या छंदावर मराठीत क्वचितच कोणी लिहिते, म्हणून आधी आभार. पण त्यात एक वाक्य असे आहे की, गच्चीवर जागा नसेल तर स्वस्तातला हाताने फिरवायचा अँटेना ट्यूनर घ्यावा, मग कोणतीही तार चालते. नव्याने व्हीयू३ कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी ओळख-खूण) मिळालेला माणूस लेखातले बाकी सगळे विसरेल आणि हेच वाक्य धरून खरेदीला निघेल. ट्यूनर उपयोगी वस्तू आहे: अँटेनाचा रोध रेडिओ संचाला हव्या असलेल्या ५० ओहमशी जुळवून देणारा डबा. ही जुळणी, म्हणजे मॅच, किती बिघडली आहे ते एसडब्ल्यूआर हा आकडा सांगतो; एकास एक म्हणजे पूर्ण जुळणी. तरीही ‘कोणतीही तार चालते’ हे खरे नाही, आणि तार चालली तरी त्यात किती वॅट वाया जातात ते मीटर दाखवत नाही.

या वर्गातल्या बहुतेक ट्यूनरच्या पोटात एकच सर्किट असते. रिगकडून (रेडिओ संचाकडून) अँटेनाकडे जाताना ओळीत दोन हवेचे व्हेरिएबल कंडेन्सर आणि त्यांच्या मधल्या सांध्यापासून चॅसिसला जोडलेली, ठिकठिकाणी टॅप काढलेली कॉइल. हेच टी-नेटवर्क. पुढच्या बाजूला दोन कंडेन्सरचे दोन नॉब, मध्ये कॉइलचा रोटरी स्विच, शेजारी दोन सुयांचा मीटर, एक सुई पुढे जाणाऱ्या पॉवरची, दुसरी परतणाऱ्या पॉवरची. अमेरिकेत मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलच्या एमएफजे कंपनीचा ९४१ई हा याचा सर्वपरिचित नमुना: २०८ पिकोफॅरडचे दोन कंडेन्सर, बारा टप्प्यांची कॉइल, १.८ ते ३० मेगाहर्ट्झ, ३०० वॅट. त्या कंपनीने स्टार्कव्हिलच्या कारखान्यातले उत्पादन मे २०२४ मध्ये थांबवले. त्यामुळे यापुढे त्या कंपनीचे ट्यूनर बहुतांशी वापरलेलेच मिळणार, आणि दुरुस्ती घरीच करावी लागणार.

आता मुख्य मुद्दा. टी-नेटवर्कमध्ये एकाच अँटेनाला एकास एक मॅच देणाऱ्या अनेक जागा असतात. मीटरला त्या सगळ्या सारख्याच. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. उदाहरणादाखल ३.६ मेगाहर्ट्झवर अँटेनाच्या टोकाला फक्त १० ओहम दिसतात असे धरू. आखूड डायपोलवर असे सहज होते. कॉइलचा क्यू (हा आकडा जितका मोठा, तितके कॉइलमधले नुकसान कमी) १०० माना. अरुंद डब्यात, पत्र्याला लागून बसवलेल्या कॉइलकडून याहून फार जास्त अपेक्षा करू नये. अँटेनाकडचा कंडेन्सर २०० पिकोफॅरडवर ठेवून मॅच लावला, तर रिगकडचा साधारण ९० पिकोफॅरडवर येतो, कॉइल सुमारे ७ मायक्रोहेन्री लागते, आणि १०० वॅटपैकी २४ वॅट कॉइल तापवण्यात जातात. आता तोच कंडेन्सर १०० पिकोफॅरडवर ठेवा. मॅच पुन्हा एकास एक लागतो, फक्त कॉइल साडेतेरा मायक्रोहेन्री लागते. या वेळी वाया जातात ३९ वॅट, आणि मधल्या सांध्यावरचा शिखर व्होल्टेज दीड हजाराच्या वर पोहोचतो. कंडेन्सर हजार व्होल्टचे. पूर्ण पॉवर दिली की आतून चटचट आवाज येतो, सुई उडी मारते, आणि मालक म्हणतो ट्यूनर फालतू आहे. ट्यूनर फालतू नसतो, नॉबची बैठक चुकलेली असते.

म्हणून नियम एकच: मॅच मिळेल अशी सर्वात कमी इंडक्टन्स आणि सर्वात जास्त कपॅसिटन्स. नॉबवरच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. काहींत शून्य म्हणजे कमाल, काहींत दहा म्हणजे कमाल. एकदा झाकण काढून बघा. फिरत्या पाती स्थिर पातींत पूर्ण शिरलेल्या असतील तेव्हा कपॅसिटन्स कमाल. ती बाजू पेन्सिलीने पॅनेलवर लिहून ठेवा. कॉइलच्या स्विचचेही तेच करा: कोणत्या अक्षराला सगळी कॉइल सर्किटमध्ये येते आणि कोणत्या अक्षराला जवळजवळ नाही, हे टॅपच्या तारा बघून कळते.

लावायची रीत अशी. ट्रान्समीट न करता, रिसीव्हरवर वारंवारता लावून अँटेनाकडचा कंडेन्सर पूर्ण मिटवा, रिगकडचा मध्यावर ठेवा. कॉइल सर्वात कमी इंडक्टन्सच्या टोकाला नेऊन तिथून एकेक टप्पा वाढवत जा. प्रत्येक टप्प्याला रिगकडचा कंडेन्सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. ज्या टप्प्यावर पार्श्वभूमीचा खरखराट अचानक फुगतो, तो टप्पा आपला. कमी टोकापासून सुरुवात केल्यामुळे पहिला सापडणारा मॅच बहुधा सर्वात कमी नुकसानीचा असतो. उलट्या टोकापासून शोधणारे नेमके सर्वात वाईट मॅचवर थांबतात. मग वारंवारता रिकामी आहे का ते ऐका, विचारा, कॉलसाइन द्या, आणि सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एएमवर ५ ते १० वॅटचा कॅरिअर, म्हणजे आवाजाविना अखंड लहर, सोडून दोन्ही कंडेन्सर आळीपाळीने थोडे थोडे फिरवत परतीची सुई खाली आणा. एकावर हात मारून दुसरा विसरला तर सुई दोनाच्या आसपास अडकून राहते. ही नवख्यांची सर्वात सामान्य तक्रार असते. एसएसबीवर (बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर) शिट्टी मारून ट्यून करणे सोडा. सुई स्थिरच राहत नाही.

कॉइलचा स्विच मात्र कॅरिअर चालू असताना कधीही फिरवू नका. एका टॅपवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर सर्किट तुटते, ठिणगी पडते आणि संपर्काच्या पितळी जिभा काळ्या पडतात. हा स्विच खराब झाला की तसाच मिळणे कठीण. बैठक सापडली की ती वहीत लिहा: वारंवारता, अक्षर, दोन आकडे. ८० मीटरच्या पट्ट्यावर (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) मॅच इतका टोकदार असतो की वीस-तीस किलोहर्ट्झ सरकले तरी पुन्हा हात लावावा लागतो. २० मीटरवर एकच नोंद बहुतेक पट्ट्याला पुरते.

आता ‘कोणतीही तार’ या भागाकडे. अँटेना आणि कोॲक्स केबल यांच्या सांध्यावर बिघडलेला मॅच खोलीतल्या ट्यूनरने सुधारत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ट्यूनर रिगला ५० ओहम दाखवतो, रिगचे संरक्षण सर्किट पॉवर कापत नाही, एवढेच. ट्यूनरच्या पुढच्या केबलवर एसडब्ल्यूआर होता तेवढाच राहतो. २० मीटर आरजी-५८ केबलचे ७ मेगाहर्ट्झवर मूळ नुकसान साधारण पाऊण डेसिबल. त्याच केबलच्या वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर दहास एक असेल तर एकूण नुकसान पावणेतीन डेसिबलच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ निम्मी पॉवर केबलमध्येच जिरते. गंमत अशी की, केबल जिरवते म्हणूनच खालच्या मीटरला दहाऐवजी साडेपाचच दिसतात, आणि मालकाला वाटते अँटेना तितका वाईट नाही.

ज्यांना एकाच तारेवर सगळे पट्टे हवेत, त्यांनी कोॲक्सऐवजी ४५० ओहमची लॅडर लाइन (शिडीसारख्या दोन समांतर तारांचा फीडर) थेट ट्यूनरपर्यंत आणावी. उघड्या फीडरमध्ये उंच एसडब्ल्यूआरचेही नुकसान किरकोळ असते. मात्र या ट्यूनरच्या आतला चारास एकचा बॅलन (दोन तारांचा फीडर ट्यूनरच्या सर्किटला जोडणारा ट्रान्सफॉर्मर) ही त्यांची दुखरी जागा आहे. फीडरच्या टोकाला २० ओहम आले तर बॅलन त्याचे ५ ओहम करून टी-नेटवर्कला देतो, म्हणजे वर सांगितलेल्या १० ओहमच्या उदाहरणापेक्षाही वाईट. पाच मिनिटे बोलून झाल्यावर फेराइटच्या कड्याला बोट लावा. चटका बसला तर समजा पॉवर तिथे चालली आहे. अशा वेळी फीडर दीड-दोन मीटरने लांब किंवा आखूड करून बघणे हा सर्वात स्वस्त उपाय. नाही जमले तर बाहेर एकास एकचा करंट बॅलन लावून तो ट्यूनरच्या कोॲक्स सॉकेटला जोडा.

फ्लॅटच्या खिडकीतून एक तार सोडणाऱ्यांनी लांबी विचाराने घ्यावी. अर्ध्या तरंगलांबीच्या किंवा तिच्या पटीच्या तारेला टोकाशी हजारो ओहम दिसतात, आणि तिथे हा ट्यूनर हात टेकतो. ४० मीटरवर ती लांबी सुमारे २० मीटर, २० मीटरच्या पट्ट्यावर १० मीटर. १७ ते साडेसतरा मीटरची तार ४०, २०, १५ आणि १० या चारही पट्ट्यांवर या अडचणीच्या लांबीपासून दूर राहते. ट्यूनरच्या अर्थिंग बोल्टला जमिनीवरून नेलेली काउंटरपॉइज तार (अँटेनाची दुसरी, परतीची बाजू) हवीच: ४० मीटरसाठी १० मीटर, २० मीटरसाठी ५ मीटर. ती नसली तर रिगची बॉडी आणि माइकची वायरच अँटेनाचे काम करू लागते. ओठाला माइकचा चिमटा बसणे, संगणक अडकणे, शेजाऱ्याच्या स्पीकरमधून आवाज येणे, हे सगळे तिथूनच. हार्मोनिकबद्दलही, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीत निघणाऱ्या नको असलेल्या लहरींबद्दलही, भ्रम नको. टी-नेटवर्क वरच्या वारंवारता सहज पुढे जाऊ देते. रिगमधला लो-पास फिल्टर कमजोर असेल तर ट्यूनर तो दोष झाकत नाही.

वापरलेला ट्यूनर घेताना झाकण उघडू देत नसेल तर घेऊ नका. आत बघायच्या गोष्टी फार नाहीत. कॉइलच्या प्रत्येक टॅपचे सोल्डर चकचकीत आहे का, की नुसते चिकटवल्यासारखे राखाडी. काडीने हलवून बघा. कंडेन्सर सावकाश फिरवताना मल्टीमीटर त्याच्या दोन्ही टोकांवर ओहममध्ये लावून ठेवा. कुठेही बीप आली तर पात वाकली आहे किंवा धातूचा कीस अडकला आहे. जाड कागद पातींतून फिरवून तो निघतो. सॉकेटच्या मागचे नट, बॅलनचे स्क्रू, नॉबमधले ग्रब स्क्रू हे ढिले असणार असे धरूनच चाला. नॉब दांड्यावर घसरला की वहीतल्या सगळ्या नोंदी बाद. झाकण आणि तळ यांच्यामध्ये रंगाचा थर असेल तर स्क्रूंच्या जागी तो खरवडून दातेरी वॉशर टाका. या सर्किटमध्ये दोन्ही कंडेन्सर जमिनीपासून अधांतरी असतात, त्यांच्या दांड्यावरही आरएफ (रेडिओ वारंवारतेची वीज) येते. म्हणून नॉब बदलताना धातूचा घेऊ नका आणि ग्रब स्क्रू बोटाला लागेल असा बाहेर ठेवू नका.

मीटरवर विसंबण्याआधी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावून, ट्यूनर बायपास करून बघा. परतीची सुई हलता कामा नये. हलली तर सेन्सिंग ब्रिजचा (मीटरसाठी पॉवर मोजणाऱ्या सर्किटचा) तोल गेला आहे, किंवा जवळपास वीज पडल्यावर त्यातला डायोड गेला आहे. पॉवरचा आकडा चुकत असेल तर आतल्या प्रीसेटने, भरवशाच्या वॅटमीटरशी ताडून जुळवता येतो. बोलताना सुई २५-३० वॅटच दाखवते म्हणून घाबरू नका. सरासरी दाखवणाऱ्या मीटरला एसएसबी तशीच दिसते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा वेगळा शत्रू. फिरत्या पातींना जोडणाऱ्या स्प्रिंगच्या संपर्कावर हिरवट थर चढतो आणि नॉब फिरवताना सुई थरथरते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब आणि पन्नास वेळा फिरवणे पुरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

आणि हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्ससारखा दहा वॅटच्या आतला संच असेल तर विकत घ्यायचीच गरज नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत जुन्या रेडिओतले गँग कंडेन्सर (एकाच दांड्यावर फिरणारे व्हेरिएबल) असे दोन नग शोधा. त्यांची पाती जवळजवळ असल्याने ते १०० वॅटला चालणार नाहीत, दहाला चालतात. ५० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर १६ गेजची एनॅमल तार, २० वेढे, ६० मिलिमीटर लांबीत पसरून घातली की सुमारे १२ मायक्रोहेन्री मिळतात. चॅसिसच्या टोकापासून २, ३, ४, ६, ८, ११ आणि १५ व्या वेढ्याला टॅप काढा. कंडेन्सर लाकडी किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीवर बसवा आणि दांड्याला प्लास्टिकचा जोड द्या, नाहीतर पहिल्याच कॅरिअरला फ्रेम चॅसिसला टेकून सगळे शॉर्ट होईल.

आपला,
एक परवानाधारक हॅम, पुणे