सायकली वाटल्या, रॅम्पचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांना तीनचाकी सायकली वाटल्या त्याचा फोटो तुमच्या पेपरात बघितला. पाहुणे पुढे उभे आणि ज्यांना सायकली मिळाल्या ते मागे, निम्म्यांचे तर चेहरेच दिसत नाहीत. सायकली मिळाल्या हे चांगलंच झालं, पण एवढ्या मोठ्या बातमीत कायद्याचा साधा उल्लेख नाही ह्याचं फार वाईट वाटलं, कारण वाचणाऱ्याला वाटतं हे सगळं कोणाच्या तरी मेहेरबानीवर चाललंय.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते ते आता 21 झाले, ऑटिझम, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले असे सगळे त्यात आले, नोकरीतलं आरक्षण 3 वरून 4 टक्के झालं. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यातली व्याख्या. शरीरातली कमतरता आणि समोरचे अडथळे, दोन्ही मिळून माणूस मागे पडतो असं कायदा म्हणतो, म्हणजे दोष पायरीचाही आहे आणि ती पायरी ज्याची आहे त्यानेच ती दूर करायची.

माझा मावसभाऊ व्हीलचेअरवर असतो, अकाउंट्सचं काम करतो. इथल्या एका सरकारी ऑफिसात रॅम्प आहे, पण खाली स्कूटर लावलेल्या आणि चढ इतका उभा की दोघांनी मागून ढकलावं लागतं. नियमाने 1 फूट उंचीला 12 फूट लांबी हवी, इथे दोन फुटी ओट्याला जेमतेम पाच फुटांचा रॅम्प आहे. वॉचमन म्हणतो उचलून घेतो ना साहेब, माणूस चांगला आहे हो तो, पण आपल्या कामासाठी आलेल्या मोठ्या माणसाने रोज कोणाच्या तरी हातांवर का जायचं?

जुन्या सरकारी इमारती सुधारायला कायद्याने दिलेली पाच वर्षं 2022 लाच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की नुसत्या मार्गदर्शक सूचना चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, हे किती जणांना माहीत असेल?

आपण बडोदेकरांना तर हे नवीन वाटायला नको. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला दंड होता, त्या शाळेला कोणी दानधर्म म्हटलं नाही.

म्हणून एक विनंती आहे, तुमच्या रिपोर्टरला एखाद्या व्हीलचेअरवाल्या माणसाबरोबर एक दिवस शहरातल्या ऑफिसांमध्ये पाठवा, कुठे आत जाता आलं आणि कुठे नाही ते ऑफिसच्या नावासकट छापा. आणि त्याच पानावर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार कशी करायची तेही द्या.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा