भुलीची नोंद कॉम्प्युटरवर, पण नियम कुठे आहेत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनच्या वेळची भुलीची नोंद आता बऱ्याच हॉस्पिटलांत कागदाऐवजी कॉम्प्युटरवर होते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि मला हे हवंच होतं. नाडी, बीपी, ऑक्सिजनचे आकडे मॉनिटरवरून आपोआप उतरतात, त्यामुळे पेशंट अचानक बिघडला तर दोन्ही हात त्याच्यासाठी मोकळे राहतात, नाहीतर कागदावर सगळं नंतर आठवून लिहावं लागायचं. पण सॉफ्टवेअर बसवलं की काम झालं असं मॅनेजमेंटला वाटतं आणि ते वापरायचं कसं याचे लेखी नियम करायचे राहूनच जातात.

मशीनला खरं-खोटं कळत नाही हो. सर्जननी कॉटरी (रक्त थांबवायला विजेने डागायचं उपकरण) लावली की ईसीजी बिघडतो आणि नाडी भलतीच दिसते, आर्टरीची लाइन (बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी) फ्लश केली, म्हणजे द्रव सोडून साफ केली, की बीपी 300 च्या आसपास जातं, बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) आणि ऑक्सिजन मोजणारा बोटाचा प्रोब एकाच हाताला असेल तर कफ फुगला की ऑक्सिजनचा आकडाच गायब. हे सगळं रेकॉर्डमध्ये जातं. मग ते पुसायचं का? माझ्या मते मूळ आकडा कधीच पुसू नये, शेजारी कारण लिहावं, आणि कोणी कधी काय बदललं ते सिस्टीममध्ये दिसलंच पाहिजे.

मला जास्त काळजी वाटते ती आधीच भरून ठेवलेल्या नोंदींची. टेम्प्लेटवर, म्हणजे तयार मजकुरावर, एक क्लिक केलं की 'पेशंट शुद्धीवर, श्वास नीट, श्वासासाठी घातलेली नळी काढली' असं ऑपरेशन चालू असतानाच लिहून होतं. वेळ वाचावा म्हणून करतात, हेतू वाईट नसतो, पण नंतर काही बिनसलं तर ते एक वाक्य खोटं ठरतं आणि मग त्याच पानावरच्या खऱ्या नोंदींवरही कोर्टात कोण विश्वास ठेवणार? 1895 च्या सुमारास बॉस्टनमध्ये पुढे सर्जन झालेल्या हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन यांनी ईथर (त्या काळचं भुलीचं औषध) देताना नाडी-श्वास टिपायला सुरुवात केली ती भूल देणाऱ्याचं लक्ष पेशंटवर राहावं म्हणूनच. जे झालं तेच, आणि झाल्यावरच लिहायचं, हा नियम विभागप्रमुखापासून शिकाऊ डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सारखा हवा.

दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करणं तर पूर्ण बंद व्हायला हवं, नाहीतर औषध कोणी दिलं हेच कळत नाही. मॉनिटर आणि कॉम्प्युटरचं घड्याळ जुळलेलं हवं. कधी केबल निघते आणि मॉनिटर चालू पण नोंद थांबलेली असं होतं, ते अधूनमधून बघायची जबाबदारी कोणाची हेही ठरवा. आणि सर्व्हर बंद पडेल तेव्हासाठी छापील चार्ट प्रत्येक ओटीत ठेवा, नंतर तोच स्कॅन करून जोडा, पुन्हा टाइप करत बसू नका.

हॉस्पिटलांनी सॉफ्टवेअरच्या ऑर्डरवर सही करायच्या आधीच भूल विभागाला सोबत बसवून हे सगळं लिहून काढावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक भूलतज्ज्ञ