सईला, इंग्लंडच्या कप्तानांबद्दल

नॉटिंगहॅम

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की ऑफिसात सगळे तुला ‘गोरी’ म्हणून चिडवतात, कारण कॅन्टीनच्या टीव्हीवर इंग्लंडची विकेट पडली की अख्ख्या पुण्यात तुझा एकटीचा चेहरा पडतो. आणि वर मलाच विचारलंस, "बाबा, हे खूळ तूच घातलंस ना माझ्या डोक्यात? मग सांग, ज्या बोर्डाला तू दर उन्हाळ्यात शिव्या घालतोस, त्यांच्याच टीमसाठी पहाटे चारला का उठतोस?" फोनवर सांगत बसलो असतो तर तुझ्या आईने मधेच फोन काढून घेतला असता. म्हणून लिहितो.

मी इथे आलो तो 1988 चा उन्हाळा. भाड्याची खोली ट्रेंट ब्रिज या कसोटीच्या मैदानापासून चालत जाण्याइतकी जवळ, हा निव्वळ योगायोग. ओळखीचं कुणी नाही, बाहेर जूनमध्ये स्वेटर घालायची वेळ, आणि वेस्ट इंडिजविरुद्धची पहिली कसोटी नेमकी दाराशी. माईक गॅटिंग कप्तान. त्याआधी वेस्ट इंडिजकडून इंग्लंड सलग 10 कसोट्या हरलं होतं, त्यामुळे गूचने 146 काढून ही कसोटी वाचवली तेव्हा लोक जिंकल्यासारखे घरी गेले. मला वाटलं, चला, आपण आलो आणि यांचे दिवस फिरले.

काही दिवसांतच कप्तान बदलला. कसोटी चालू असताना हॉटेलातल्या एका बारमेडला गॅटिंगने खोलीवर ड्रिंक्सला बोलावलं, अशी बातमी एका टॅब्लॉइडने छापली. निवड समितीचं म्हणणं काय, तर काही गैर घडलं नाही यावर आमचा विश्वास आहे, पण असं बोलावणं बेजबाबदारपणाचं होतं, सबब कप्तानपद काढून घेतोय. मी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. विश्वास आहे, तरी काढतोय! स्टँडमध्ये शेजारी बसणारे म्हातारे मात्र अजिबात चकित झाले नव्हते. त्यांच्या मते हा हिशेब सहा महिन्यांपूर्वीचा. डिसेंबर 1987 मध्ये पाकिस्तान दौऱ्यावर फैसलाबादला पंच शकूर राणांशी गॅटिंगचं भर मैदानात बोट नाचवून भांडण झालं, एक अख्खा दिवस खेळ झाला नाही, शेवटी बोर्डाने त्याला लेखी माफी मागायला लावली, आणि त्याच दौऱ्याच्या शेवटी खेळाडूंना त्रास झाला म्हणून प्रत्येकी हजार पौंड बक्षीसही दिले. एका हाताने कान पिळायचा आणि दुसऱ्या हाताने पाकीट द्यायचं. दोन्हींतलं खरं कुठलं ते कुणी सांगितलंच नाही.

पुढची गंमत ऐक. गॅटिंगनंतर जॉन एंबुरी. दोन कसोट्या, दोन्हींत मार. मँचेस्टरला मार्शलने 22 धावांत 7 घेतले आणि सगळे 93 वर बाद. मग एंबुरी बाहेर आणि ख्रिस काउड्री आत. हा माजी कप्तान कॉलिन काउड्रीचा मुलगा, आणि निवड समितीचे अध्यक्ष पीटर मे हे त्याचे गॉडफादर, म्हणजे चर्चमधल्या नामकरणातले, खरेखुरे. न्यायाने सांगायचं तर केंट (त्याचा काउंटी संघ) त्या वर्षी त्याच्या हाताखाली झकास खेळत होतं, मोसमाच्या शेवटी एका गुणाने दुसरं आलं. पण त्या महिन्यात हे कोण ऐकणार? हेडिंग्लेच्या गेटवरच्या माणसाने नव्या कप्तानाला ओळखलंच नाही, अशी गोष्ट इथे अजून सांगतात. ती कसोटी 10 विकेटनी गेली, पुढच्या सामन्याआधी काउड्रीला दुखापत झाली, आणि तो पुन्हा कधी इंग्लंडकडून खेळला नाही. एका कसोटीचा कप्तान. ओव्हलला चौथा, गूच. मालिका 0-4.

या चौथ्या कप्तानामुळे हिवाळ्यातला भारत दौराच बुडाला. गूच 1982 मध्ये बंडखोर संघ घेऊन, वर्णभेदामुळे बहिष्कृत असलेल्या दक्षिण आफ्रिकेत खेळून आला होता आणि तिकडचे संबंध अजून तुटले नव्हते. त्याला आणि इतर काहींना भारताने व्हिसा नाकारला. बोर्डाने कप्तान निवडताना हा विचार केला नसेल? मला नाही पटत. केला असेल, आणि होईल ते होईल म्हणून सोडून दिला असेल. माझा भाऊ मुंबईहून पत्रात खवळून लिहीत होता, जणू व्हिसाचा अर्ज मीच भरला होता.

1989 मध्ये निवड समितीचे नवे अध्यक्ष टेड डेक्स्टर. त्यांना पुन्हा गॅटिंगच हवा होता, पण जाहीर झालं डेव्हिड गॉवरचं नाव. ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका, 0-4 ने गेली, सहा कसोट्यांत 29 खेळाडू खेळवून झाले, आणि मोसम संपल्यावर बाहेर आलं की गॅटिंगच्या नावावर ऑसी व्हीटली नावाच्या पदाधिकाऱ्याने फुली मारली होती, फैसलाबादची आठवण ठेवून. तोवर गॅटिंगने दक्षिण आफ्रिकेचा बंडखोर दौरा पत्करला होता. म्हणजे ज्यांनी गॉवरला निवडल्याबद्दल शिव्या खाल्ल्या त्यांना तो नको होता, आणि ज्याने नकार दिला त्याला ओळखतच कुणी नव्हतं. माझा राग इथून सुरू होतो बघ. हरण्याचं मला काही नाही. आपण दादरच्या गल्लीत वाढलेली माणसं, हरणं काय असतं ते जाणतो. पण जो ठरवतो तो नामानिराळा राहतो आणि जो नाणं उडवायला जातो त्याच्या डोक्यावर खापर फुटतं, हे मला तेव्हाही सहन झालं नाही.

ही सवय जुनी आहे. 1952 ची हेडिंग्ले कसोटी आपल्याकडे ‘0 वर 4’ म्हणून माहीत आहे. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, आपले दादरचे माधव मंत्री आणि विजय मांजरेकर चौघेही परतले तेव्हा फलकावर भोपळा होता, ट्रुमनची ती पहिलीच कसोटी. इथल्या लोकांना तो सामना आणखी एका कारणाने आठवतो. लेन हटन त्या सामन्यात इंग्लंडचा कप्तान झाला, आणि तो पगारी खेळाडू होता. विसाव्या शतकात त्याआधी कुणाही व्यावसायिकाला हा मान दिला नव्हता. कप्तान म्हणजे हौशी, म्हणजे घरचा खाऊनपिऊन सुखी, चांगल्या शाळेतला. हटनने ॲशेस परत आणली, ऑस्ट्रेलियात जाऊन राखली, आणि तरीही त्याच्या स्वतःच्या यॉर्कशायरने त्याला शेवटपर्यंत कप्तान केलं नाही! हौशींचं नाव छापताना आद्याक्षरं आधी, व्यावसायिकांची आडनावानंतर. फ्रेड टिटमस नावाच्या व्यावसायिक पोराची आद्याक्षरं एकदा चुकून आधी छापली गेली तर लॉर्ड्सवर लाउडस्पीकरवरून ती दुरुस्ती जाहीर केली होती. हा भेदभाव कागदावर 1962 मध्ये संपला. कागदावर.

आमच्या क्लबाचंच घे. मी तिथल्या दुसऱ्या संघात कितीतरी वर्षं खेळलो, स्कोअर लिहिला, रोलर ओढला, तुझ्या आईचे बटाटेवडे चहाच्या टेबलावरून सगळ्यात आधी संपायचे. कप्तान आजारी पडला की ‘आजच्यापुरता तू बघ’ असं मलाच सांगायचे. पण वार्षिक सभा संपल्यावर खरी निवड पबमध्ये व्हायची, आणि मी तुला आणायला म्हणून घरी निघालेलो असायचो. कुणी मला नको म्हटलं असं नाही. कुणी नाव घेतलं नाही, एवढंच.

म्हणून 1999 मध्ये नासिर हुसेन कप्तान झाला तेव्हा मी मिठाई आणली होती. मद्रासला जन्मलेला माणूस इंग्लंडचा कप्तान! त्याच उन्हाळ्यात न्यूझीलंडने हरवलं, इंग्लंड क्रमवारीत तळाला गेलं, आणि ओव्हलच्या बाल्कनीत उभ्या नासिरची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ब्रिस्बेनला 2002 मध्ये टॉस जिंकून त्याने ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली आणि दिवसअखेर 2 बाद 364. त्या रात्री मी त्याला काय काय म्हणालो ते तू ऐकलं नाहीस ते बरं झालं. पण तो निर्णय त्याचा होता, आणि चूकही त्याने आपलीच मानली. तो राग साधा, क्रिकेटचा.

2003 च्या वर्ल्ड कपमधला राग वेगळा. इंग्लंडचा एक सामना हरारेला होता, मुगाबेंच्या झिम्बाब्वेत. टोनी ब्लेअरचं सरकार म्हणत होतं, तुम्ही जाऊ नये असं आम्हाला वाटतं, पण बंदी आम्ही घालणार नाही. बोर्डाला दंडाची आणि पुढच्या नुकसानीची भीती, म्हणून तेही नाही म्हणेनात. आयसीसी म्हणे, तिथे सुरक्षित आहे, खेळा. आणि धमकीचं पत्र आलेलं. एवढं सगळं घोंगडं केपटाउनच्या हॉटेलात एका कप्तानाच्या आणि त्याच्या पोरांच्या अंगावर टाकलं. दिवसेंदिवस बैठका चालल्या. शेवटी गेले नाहीत, गुण गेले, पहिल्याच फेरीत घरी आले. नासिरने वनडेचं कप्तानपद सोडलं. ज्या मंत्र्यांनी तोंडं फिरवली त्यांच्यापैकी कुणाला एक रन कमी पडला नाही.

यातून काही शिकले असतील म्हणावं, तर 2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी बघ. अफगाणिस्तानात बायकांना खेळूच देत नाहीत, म्हणून त्यांच्याशी खेळू नका असं 160 हून जास्त ब्रिटिश राजकारण्यांनी बोर्डाला लिहिलं. मागणी चुकीची नव्हती. पण तेच खासदार स्वतः कायदा करणार नव्हते, बोर्ड म्हणे सगळ्या देशांनी मिळून ठरवावं, आणि पत्रकार माइक घेऊन उभे कप्तान जॉस बटलरसमोर. लाहोरला इब्राहिम झादरानने 177 ठोकल्या, रूटने 120 करूनही 8 धावांनी सामना गेला, आणि दोन दिवसांत बटलरने राजीनामा दिला. तो तसाही जाणारच होता म्हण, वनडेत ते सगळ्यांकडून हरत होते. पण त्याला विचारलेले प्रश्न मात्र त्याचे नव्हते.

इंग्लंडचा फलंदाज केव्हिन पीटरसनवर मी लिहिणार नाही, कारण तुझी आई म्हणते त्या विषयावर मी तिच्या वाट्याचंही बोलून झालोय. एवढंच लक्षात ठेव की वानखेडेवर 2012 मध्ये त्याने 186 केल्या नसत्या तर ती मालिका जिंकणं कठीण होतं, आणि 14 महिन्यांनी तो संघाबाहेर होता. का, ते बोर्डाने धड सांगितलं नाही.

आता तुझा प्रश्न, मग का उठतो. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या पुढाऱ्याने एक परीक्षा काढली होती: बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुणासाठी टाळ्या वाजवतात ते बघा. त्याच उन्हाळ्यात भारत इथे आला. गूचने लॉर्ड्सला 333 केल्या, कपिलने फॉलोऑन वाचवायला ओळीने चार षटकार मारले, आणि ओल्ड ट्रॅफर्डला सचिनने पहिलं शतक काढलं. मी तिन्ही वेळा ओरडलो. टेबिटसाहेबांनी मला नापास केलं असतं की पास, देव जाणे.

आणि तुला 23 जुलै 2017 आठवतो का? लॉर्ड्स, बायकांची फायनल. तू हेदर नाइटच्या संघासाठी गालावर लाल क्रॉस रंगवून बसली होतीस आणि मी शेजारी गुपचूप पूनम राऊतसाठी देव पाण्यात घालून. 3 बाद 191 असताना तू माझ्याशी बोलेनाशी झालीस. मग पूनम 86 वर पायचीत झाली, श्रबसोलने 6 घेतले, 219 वर सगळं संपलं, आणि तू उड्या मारताना मध्येच थांबून मला विचारलंस, "बाबा, तुला खूप वाईट वाटलं का?" वाटलं होतं. पण तुझ्याकडे बघून हसूही येत होतं. तीच नाइट नऊ वर्षं कप्तान राहिली आणि मार्च 2025 मध्ये, बायकांची ॲशेस 0-16 अशा गुणांनी हरल्यावर, गेली. काढली ते मला मान्य आहे. इतकं हरल्यावर बदल हवाच, आणि या खेपेला निदान कारण क्रिकेटचं होतं, प्रशिक्षकही गेला. मला एवढंच हवं असतं. कारण सांगा, आणि ज्याने ठरवलं त्याने पुढे येऊन सांगा.

मैदान मला इथल्या माणसांनी दिलं, बोर्डाने नाही. पहिल्या उन्हाळ्यात थर्मासमधला चहा ज्या म्हाताऱ्याने मला न विचारता ओतून दिला, त्याने मी कुठला ते चौथ्या दिवशी विचारलं. तोवर आमचं वेस्ट इंडिजच्या रिचर्ड्सला ऑफच्या बाहेर किती टाकावं यावर भांडण होऊन गेलं होतं. त्याच्यासाठी उठतो म्हण. ऑफिसातल्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांना सांग की बाप बिघडलाय.

बाकी इकडे ठीक. पुढच्या मोसमाची मेंबरशिप भरली, तुझीही भरली आहे, पैसे पाठवू नकोस. जुलैत येणार असशील तर रजेच्या तारखा लवकर कळव, कसोटीची तिकिटं संपतात. येताना मेतकूट आण, आईने दोनदा आठवण केली आहे.

तुझा,
बाबा